सकपाळांच्या घरचं वाचन

जानू सकपाळांचा राग पूर्वी नाकावर असायचा. काचबिंदूने डोळे नेले तसा तो खाली उतरून जिभेवर आला. डोळे गेले म्हणजे ठार गेले असं नव्हे. उजेड कळायचा, पायरीशी माणूस उभं आहे हेही कळायचं. फक्त ते कोण, हे त्याने तोंड उघडल्याशिवाय कळत नसे. अक्षर मात्र गेलं ते गेलंच. आणि ज्याचा सगळा जन्म चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवण्यात गेला, त्याने "बाबा, पेपरात आज काय नाय" असं म्हणून सुनेने पेपर घडी घालून ठेवलेला कसा सोसावा? सून करुणा तशी वाईट नव्हती. अंगणवाडी सांभाळून, घर सांभाळून, मुंबईच्या नवऱ्याशी फोनवर भांडून उरलेल्या वेळात ती सासऱ्यांना चार मथळे वाचून दाखवायची. पण जानूंना मथळे नको होते. त्यांना सगळं हवं होतं.

पेपर गेला तर जाऊ दे मेला. पण घरचं वाचन जाता कामा नये, हे जानूंच्या डोक्यात बसलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात बसलेलं बाहेर काढायची वाडीत कोणाची टाप नव्हती.

ही वाडी म्हणजे पालीहून आत जाणाऱ्या रस्त्यावरची बौद्धवाडी. वाडीने धम्म घेतला तेव्हा मोठ्या माणसांत एकालाही लिहिता-वाचता येत नव्हतं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला, अश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी धम्माचं पुस्तक वाचायचं असं ठरलं, आणि मग वाचणार कोण म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी शाळेत जाणारी पोरं पुढं बसवली. पोरांनी वाचायचं, बापांनी मांडी घालून ऐकायचं. तो पायंडा पडला तो कायमचा. आज वाडीत मास्तर आहेत, बँकेत कारकून आहेत, एक जण वकील होऊन रत्नागिरीच्या कोर्टात जातो. तरी ग्रंथ वाचायची पाळी घराघराने फिरते, आणि ज्या घरातलं पोर पाचवीत गेलं असेल त्या घरचं वाचन त्या वर्षी त्या पोराचंच. मग बाप कलेक्टर का असेना, त्याने गप ऐकायचं.

अगदी सुरुवातीच्या त्या पोरांत जानू होते. पुढं ते मुंबईला गोदीत लागले, रात्रशाळेतून मॅट्रिक झाले, चाळीत वाचलं, रिटायर होऊन गावी आल्यावर विहारात वाचलं. मुलगा मिलिंद पाचवीत गेला तेव्हा त्याने असं वाचलं की म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. सकपाळांच्या घरचं वाचन म्हटलं की शेजारच्या गावातली माणसं यायची. आणि यंदा मिलिंदची मुलगी यशोधरा पाचवीत गेली. घोडं पेंड खात होतं ते इथंच. यशूला वाचता येत नव्हतं.

येत नव्हतं म्हणजे अक्षरं येत होती, जोडाक्षरं येत होती, काना-मात्रा-वेलांटी सगळं येत होतं. पण एक शब्द वाचला की पोरगी थांबायची. ढकलल्याशिवाय पुढच्या शब्दावर जायची नाही. गाडी उताराला लागली तरी ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, असलं ते वाचन. ऐकणाऱ्याला झोप यावी नाहीतर झीट यावी.

रोज दिवेलागणीच्या आधी जानू तिला पडवीत घेऊन बसत. प्रकरण ठरलेलं होतं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांत भांडण पेटतं, आणि त्या पायी सिद्धार्थ घर सोडून निघतो, ते प्रकरण. जानूंना ते तोंडपाठ होतं. त्यामुळे डोळे नसले तरी चूक पकडायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं.

"वाच."

"नदीचे," यशू वाचायची.

"हं."

"पाणी."

"हं. पुढं."

"दो... दोन्ही."

"दोन्ही. दोन्ही राज्यांच्या. वाच, राज्यांच्या."

"राज्यांच्या."

"शेतांना. अगं, शेतांना."

"मी शेतांनाच म्हणणार होते."

"मग म्हण ना. कोणाची वाट बघतेस?"

यशू पानावरचं बोट तिथंच ठेवून बसायची. मग जानू एक मोठा श्वास सोडायचे, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एका संध्याकाळी तर कहर झाला. प्रकरणात सिद्धार्थाच्या बायकोचं नाव आलं, आणि पोरगी तिथंही अडली. "य..." म्हणाली आणि गप.

"यशोधरा," जानू कडाडले. "अगं, स्वतःचं नाव हाय ते. बारशापासून ऐकतेस. ते तरी वाचशील का नाय?"

"तुम्ही बोलण्याआधी मी वाचतच होते."

"वाचत होतीस म्हणे. पऱ्याचं पाणी आटेल पण तुझं वाक्य संपणार नाय."

आतून करुणा म्हणाली, "बाबा, पुरे आता. तिला गृहपाठ हाय." जानूंनी ग्रंथ रुमालात बांधला आणि भिंतीला टेकून बसले. पोरीवर त्यांचा जीव होता. मिलिंदच्या पाठीवर मूल राहिलं नाही, मिलिंदला ही एकच. आपल्या माघारी या घरात मोठ्याने वाचणारं हेच एक तोंड, आणि त्या तोंडातून शब्द निघता निघत नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतावं माणसाने?

त्यात विनीत आला. विनीत म्हणजे विहार कमिटीचा सेक्रेटरी, जानूंच्या चुलतभावाचा नातू, पालीला मोबाईलचं दुकान. पोरगा चांगला, पण त्याला वाटतं जगात प्रत्येक दुखण्यावर एक वायर असते.

"आजोबा, जयभीम. एक बोलायचं होतं. यशूला जमत नसेल तर टेन्शन घेऊ नका. माझ्याकडे ग्रंथाची सगळी ऑडिओ हाय. स्पीकरला लावतो. मुंबईच्या कुठल्या बाईंनी वाचलंय, एकदम क्लिअर. ऐकत राहावं असं."

"बरोबर. वंदनाही स्पीकरलाच लाव. माणसं कशाला बोलवायची? स्पीकर लावा, विहाराला कुलूप घाला आणि घरी जाऊन जेवा."

"तसं नाय. मग करुणाकाकी वाचू देत. त्या बारावी झाल्यात."

"पोर पाचवीत असताना आई वाचणार? म्हणजे वाडीला काय सांगायचं, सकपाळांचं पोर ठोंब निघालं?"

विनीतने मान खाली घातली, कारण माजघराच्या दारात यशू उभी होती. जानूंना ती दिसत नव्हती, आणि विनीत तरी कसा सांगणार? तिने ऐकायचं ते ऐकलं आणि आत गेली. करुणाने त्या दिवशी सासऱ्यांच्या ताटात भाकरी वाढली ती जरा आपटूनच वाढली. का, ते जानूंना कळलं नाही.

त्यांना कळलं ते एवढंच, की दोष शाळेचा आहे. पाचवीपर्यंत पोर आणलं आणि साधं वाचायला शिकवलं नाही, मग ह्या मॅडम करतात काय? यशूला गेल्या वर्षापासून मृणाली मॅडम होत्या. मूळच्या लांज्याच्या. रोज रत्नागिरीहून स्कूटरवर यायच्या, शिकवतात चांगलं असा लौकिक होता. लौकिक गेला चुलीत, म्हणून जानूंनी काठी घेतली, छत्री घेतली आणि शाळेची वाट धरली. वाट पायाखालची होती, डोळ्यांची गरज नव्हती. वाटभर त्यांनी मॅडमना काय काय सुनवायचं ते जुळवून ठेवलं. चांगली चार वाक्यं जमली होती.

शाळेच्या व्हरांड्यात ते चढले तेव्हा आत वाचन चाललं होतं. कोणी मुलगी वाचत होती. धडा कसला, ते जानूंच्या लक्षात आलं नाही, पण कोणी म्हातारी बाजारात कोंबडा विकायला जाते आणि तो कोंबडाच तिला फसवतो असलं काहीतरी होतं. मुलगी काय वाचत होती म्हणून सांगू. म्हातारी बोलते तिथं आवाज जाड काढत होती, कोंबडा आला की बारीक. एका जागी चुकली, दोन पावलं पुढं गेली, तिचं तिलाच खटकलं, मागं येऊन नीट वाचलं आणि निघाली पुढं. वर्गातली पोरं हसत होती. जानूंना वाक्याच्या शेवटी जागच्या जागी मान डोलवावीशी वाटली. ते काठीवर दोन्ही हात टेकून उभेच राहिले. रागावून आले होते हे विसरले म्हटलं तरी चालेल.

कुणाची असेल? बहुतेक खालच्या वाडीतल्या कुणाची. नाहीतर मॅडमची स्वतःचीच मुलगी, आईबरोबर येत असेल. याला म्हणतात वाचन. आणि आमच्या घरी बघा.

मॅडमना दारात छत्री दिसली. त्या बाहेर आल्या. "या आजोबा. बसा ना."

"बसत नाय. आधी सांगा, ही मुलगी कोणाची?"

"कोण?"

"आता वाचत होती ती. कोणाची पोर? बापाचं नाव काय?"

मॅडमना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्यांच्या लक्षात आलं की नाही, थट्टा नाही. त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, यशोधरा आहे ती. तुमचीच."

जानूंना आधी खोटंच वाटलं. बाईमाणूस आपली मनधरणी करतंय, झालं. ते दारात पुढं झाले आणि आत बघून, म्हणजे बघितल्यासारखं करून, म्हणाले, "यशू?"

"हां, आजोबा," आतून आवाज आला. तो मात्र घरचाच आवाज होता. बारीक, घशात अडकलेला.

"वाच बघू पुढं."

यशूने पुस्तक धरलं असावं. "म्हातारी," ती म्हणाली, आणि थांबली. "कोंबड्याला." पुन्हा थांबली. कोणीतरी पोर खुसखुसलं. मॅडम पटकन म्हणाल्या, "बस यशोधरा, खाली बस. बाकीचं उद्या."

त्यांनी जानूंना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. जुळवून आणलेली चार वाक्यं कुठं गेली ते जानूंनाच माहीत. नातीचा आवाज आपण ओळखला नाही. घरात रोज बोलते, भांडते, गाणी म्हणते, तो आवाज पाठ आहे आपल्याला. पण ही अशी वाचताना ती कधी आपल्या कानावर पडलीच नाही, तर ओळखणार कुठून.

"काय केलंत हो तुम्ही तिला?" त्यांनी विचारलं. विचारणं जरा तक्रारीच्याच सुरात झालं.

"काही नाही केलं," मॅडम म्हणाल्या. "ती चुकली तरी वाक्य संपेपर्यंत मी बोलत नाही."

"आणि चूक?"

"पुष्कळदा तिची तिलाच कळते. अर्थ लागत नाही ना, मग मागं जाते. नाहीच कळली तर शेवटी सांगते मी. सुरुवातीला यायची तेव्हा प्रत्येक शब्दाला माझ्या तोंडाकडे बघायची. बरोबर आहे का, पुढं जाऊ का. तसं तोंडाकडे बघत कसं वाचणार कोणी? ती सवय मोडायला वर्ष गेलं माझं."

"म्हणजे गप्प बसायचं. ह्याला शिकवणं म्हणतात?"

"मला फार जड जातं ते," मॅडम हसून म्हणाल्या. "शिकवणाऱ्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच आहे."

जानू उठले. निरोप घ्यायचा राहिला. येताना वाटेत त्यांना पुन्हा राग आला, पण तो नेमका कोणावर काढावा ते काही ठरेना.

दुसऱ्या दिवशी पडवीत त्यांनी जाहीर केलं, की आजपासून आपण बोलणार नाही. यशूने वाचायचं, आपण ऐकायचं. करुणाला इतका आनंद झाला की तिने चहा आणून ठेवला. यशूने ग्रंथ उघडला. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्यात पोरगी 'शाक्य' ऐवजी भलतंच काही म्हणाली, आणि जानूंच्या काठीने जमिनीवर टक् केलं. जानूंनी नव्हे हो, काठीने. यशू थांबली. जानूंनी काठी बाजूला ठेवली. मग पुढच्या चुकीला त्यांचा गुडघा हलला. गुडघा आवरला तर नाकातून श्वास वाजला. तोंडाला टाळं लावलं तर अख्खं अंग बोलायला लागलं. यशू दर शब्दाला थांबून कानोसा घ्यायची, आजोबांचं काय वाजतंय ते. शेवटी तिने पुस्तक मिटलं आणि रडत आत गेली.

"आता मी काय बोललो?" जानू म्हणाले.

करुणा उंबऱ्यात उभी होती. एरवी ती सासऱ्यांपुढं आवाज चढवत नसे. "बाबा, एक विचारू? तुम्ही लहानपणी विहारात वाचलंत, तेव्हा तुम्हांला कोण टोकत होतं?"

"मला कोण टोकणार? वाचता कोणाला येत होतं टोकायला."

बाहेर कौलांवरून पागोळ्या पडत होत्या. जानूंना आठवलं ते एवढंच, की आपण वाचत असताना बाप समोर बसलेला असायचा, तोंड उघडं टाकून, आपण म्हणू ते खरं मानून. शब्द चुकले असतील की. ढिगाने चुकले असतील. कोणाला कळलं? आपल्यालाही कधी कळलं नाही, आपण दणादण पुढं जात राहिलो.

"यशू एक बोललीय," करुणा जरा वेळाने म्हणाली. "मी तुम्हांला सांगणार नव्हते."

"बोल."

"बोलली, आजोबा घरी राहिले तर मी वाचीन."

जानूंना हे असं लागलं की त्यांनी तोंड फिरवलं. सकपाळांच्या घरचं वाचन, आणि जानू सकपाळ घरी? वाडी काय म्हणेल? वाडी गेली खड्ड्यात, पण ऐकायचं कोणी? ह्या वाचनासाठी तर मुंबईची खोली विकून माणूस गावी आला. डोळे गेले तेव्हा ते रडले नव्हते. म्हणाले होते, कान आहेत ना, यशूचं ऐकीन. आणि आता कानही घरी ठेवायचे.

"मी मागं बसेन," ते म्हणाले. "दाराशी. तिला सांग, आजोबा एक अक्षर बोलणार नाय. काठी घरी ठेवीन."

यशूने पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी हो म्हणाली, पण ते हो करुणाच्या समाधानासाठी होतं.

पाळीच्या दिवशी विहार भरून गेला. पांढरे कपडे, मेणबत्त्या, अगरबत्ती, पुढ्यात यशू पांढऱ्या फ्रॉकमध्ये चौरंगावर ग्रंथ घेऊन. विनीतने माईक लावायचा आग्रह केला नाही, हे त्याचं शहाणपण. जानू एरवी पहिल्या ओळीत भिंतीशी बसायचे. आज दाराजवळ बसलेले बघून दोघातिघांनी "पुढं या, पुढं या" केलं. जानूंनी हात हलवून सांगितलं, राहू दे. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि यशूने वाचायला सुरुवात केली.

सुरुवात धिमी झाली. मग दोन्ही राज्यांची शेतं आली, नदी आली, कुरबुर आली, आणि पोरीला आजोबांचा विसर पडला. भांडण पेटलं तसा तिचा आवाज पेटला. सभेत माणसं उठून बोलायला लागली तर प्रत्येकाचा आवाज तिने वेगळा काढला. बायका पुढं सरकल्या. जानू दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसले होते. एक शब्द चुकला. त्यांनी ओठ दातांखाली धरला. आणखी एक चुकला, यशू मागं गेली, नीट वाचून पुढं आली. जानूंच्या डोळ्यांना धार लागली होती, ती पुसायलाही त्यांनी हात काढला नाही, न जाणो हात वाजेल. असा आनंद त्या माणसाला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

आणि मग सिद्धार्थ घर सोडायचं ठरवतो तिथं तो शब्द आला.

"प्र..." यशू म्हणाली.

थांबली. शब्द अवघडच होता. विहार शांत. पोरगी मनाशी जुळवत होती. एवढासाच वेळ, श्वास घ्यायला लागतो तेवढा. कोणालाही घाई नव्हती. बायका वाट बघत होत्या, विनीत वाट बघत होता, समोरची मूर्तीसुद्धा शांत होती. एकट्या जानूंच्या जिभेवर तो शब्द इतक्या वर्षांचा बसलेला.

"प्रव्रज्या," दाराशी मोठ्याने आवाज झाला.

सगळ्या माना मागं वळल्या. जानूंना क्षणभर वाटलं, कोण हा गाढव? मग कळलं.

"प्रव्रज्या," यशू म्हणाली. आणि थांबली. "घेण्याचा." थांबली. "त्याने." थांबली. प्रत्येक शब्दानंतर विहारात ती पोकळी पडायची, आणि जानूंना डोळे नसताना दिसत होतं, की पोरगी मान वर करून दाराकडे बघते आहे. बरोबर आहे का. पुढं जाऊ का. कोणीतरी पोर हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं. करुणाचा दबका आवाज आला, "वाच बाळा, वाच." पण नाही. उतार संपला होता.

वाचन सुरू झाल्यावर उठायचं नाही, हा वाडीचा दंडक. लघवीला जायचं असलं तरी दाबून बसायचं. तो मोडणाऱ्याला भर सभेत खाली बसवणारे जानूच. ते जानू उठले. भिंत धरून उभे राहिले, काठी नव्हती म्हणून चाचपडत पायरी उतरले, चपलांच्या ढिगात आपल्या चपला सापडेनात तेव्हा भुरभुरत्या पावसात अनवाणीच निघाले. मागं कुजबुज झाली. "काय झालं?", "बरं नाय वाटतं". कोणी धरायला आलं, त्याला त्यांनी कोपराने दूर केलं.

"जातो मी," ते पायरीखालूनच म्हणाले. "यशू, मी चाललो. लांब जातो. तू वाच."

विहाराच्या कंपाऊंडजवळ ते थांबले. आतून आवाज आला, "सिद्धार्थ." मग बराच वेळ काही नाही. अजून पोरीला वाटत होतं की म्हातारा दाराआड उभा आहे. आणि तो उभा होताच की. जानू दातओठ खात आणखी खाली गेले, जांभ्या दगडाच्या गडग्याला हात लावत लावत. आता शब्द दोनदोन, तीनतीन येत होते. त्यांच्या जिभेवर पुढचं सगळं तयार होतं, आणि जीभ काही केल्या गप्प राहत नव्हती. ते आणखी खाली गेले. पऱ्यावरच्या साकवाशी, त्या अरुंद पुलाशी, पोचले तेव्हा खाली पाणी खळाळत होतं आणि वरून विहाराचा आवाज येत होता, एकसारखा, पण आता त्यातलं काही समजत नव्हतं.

तिथं त्यांना दादू भेटला. दादू कुणबीवाडीतला, पालीहून रिक्षा लावून घरी चाललेला. त्याने बॅटरी मारली.

"कोण, जानूदादा? एकटे? आज वाचन नाय काय तुमच्यात?"

"हाय. चाललंय."

"आज कोणाची पाळी?"

"आमची. नात वाचते."

दादूला काही उमगेना. पायांवर बॅटरी पडली तर पायात चपला नाहीत. "आणि तुम्ही हिकडं? बरं नाय काय? चला, घरी सोडतो."

"मला काय धाड भरलीय. पोरगी झकास वाचते."

"मग बसून ऐकायचं ना."

"मी असलो की तिला वाचता येत नाय, दादू," जानू म्हणाले. हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, मनातसुद्धा नाही.

दादूने बॅटरी विझवली. वर विहारात आवाज चालूच होता. मध्ये कुठं खंड नव्हता. "चला मग घरी तरी," तो म्हणाला. "पावसात उभं राहून काय मिळणार?"

"घरून काहीच ऐकू येत नाय. इथून नुसता आवाज येतो." जानूंनी साकवाच्या कठड्याला पाठ टेकली. "आणखी वर गेलो तर शब्द कळतील. आणि शब्द कळले की मी गप्प बसणार नाय."